गरीब निधी बंद करण्याचा ठराव मागे घ्या : आमच्या मंडळीच्या सेशनला खुले पत्र

प्रति,
आदरणीय पाळकसाहेब आणि सेशनचे सर्व वडील यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात रविवारच्या भक्तीच्या शेवटी, सूचना वाचल्या जात असताना, सेशनचा, म्हणजे मंडळीचा (चर्चचा) कारभार पाहणाऱ्या पाळक आणि वडील (एल्डर) यांच्या समितीचा, एक ठराव चिटणीसांनी मंडळीला वाचून दाखवला. गरीब निधीतील शिल्लक बांधकाम निधीत वर्ग करायची, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चालणारे रात्रीचे जेवण बंद करायचे, ते जेवण जिथे रांधले जाते ती जुन्या शाळेची खोली दुरुस्त करून कार्यक्रमांसाठी भाड्याने द्यायची आणि यापुढे मंडळीकडून कोणतीही मदत फक्त वर्गणी भरलेल्या सभासदांनाच द्यायची, असा तो ठराव आहे. त्यावर कोणाला काही बोलायचे आहे का, असे विचारले गेले नाही. लगेच शेवटचे गीत सुरू झाले आणि आशीर्वाद होऊन आम्ही बाहेर पडलो. मी त्याच आठवड्यात सेशनला लेखी विनंती दिली. तिचे उत्तर अजून आलेले नाही, मात्र सेशनचा निर्णय अंतिम असतो, असे तोंडी कळवण्यात आले. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. मंडळीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण कोणाची बदनामी व्हावी ही माझी इच्छा नाही, आणि कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या इतर जुन्या मंडळ्यांनीही या प्रश्नाचा विचार करावा असे मला वाटते.

मला हे लिहिण्याचा अधिकार काय, हे आधी सांगते. मी या मंडळीत बाप्तिस्मा घेतलेल्या तिसऱ्या पिढीतली आहे. आजी बायबल बाई (घरोघरी जाऊन बायबल शिकवणारी मिशनची सेविका) होती, माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मी शाळेत असतानाच ते वारले. त्यानंतर आईने वॉर्डात आयाचे काम धरले आणि आम्हा भावंडांच्या शाळेची फी, पुस्तके आणि जूनमधले गणवेश गरीब निधीतून झाले. सेशनचे एक वडील (एल्डर) शाळा सुरू होण्याच्या आधी संध्याकाळी घरी येत, चहा घेत, कोणता विषय अवघड जातो ते विचारत, आईच्या हाती पाकीट देत, प्रार्थना करून निघून जात. भक्तीघरात आमचे नाव कधी वाचले गेले नाही, आणि आमची वर्गणी किती महिने थकली आहे हेही कोणी विचारले नाही, जरी ती थकलेली होती हे सर्वांना ठाऊक होते. पुढे मी परिचारिका झाले, सेवानिवृत्त झाले आणि महिला मंडळाची चिटणीस म्हणून रात्रीच्या जेवणाच्या कामात उतरले. म्हणजे या निधीचे मी घेतलेले आहे आणि त्यातून दुसऱ्याला वाढलेलेही आहे.

ज्यांनी ते स्वयंपाकघर कधी चालू असताना पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. आपल्या शहरात उपचारांसाठी जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून, सीमेपलीकडच्या अथणी-चिक्कोडीकडून आणि घाट चढून कोकणातूनही माणसे येतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च सुटतो, रुग्णाला वॉर्डात जेवण मिळते. पण त्याच्या उशाशी बसलेल्या आईच्या किंवा नवऱ्याच्या पोटाची सोय त्यात नाही. औषधाच्या चिठ्ठ्यांवर हातातले पैसे संपत आले की तीच माणसे आधी स्वतःचे जेवण सोडतात. वडापाव आणि चहावर आठ-आठ दिवस काढून शेवटी रुग्णाशेजारीच चक्कर येऊन पडलेले नातेवाईक मी ड्युटीवर असताना अनेकदा पाहिले. त्यांच्यासाठी आपण मुगाच्या डाळीची खिचडी, कढी आणि आठवड्यातून दोनदा भाकरी-आमटी करत होतो. तांदूळ घरोघरचा होता. प्रत्येक घरातून रोज रांधताना बाजूला काढलेली मूठ महिन्याच्या पहिल्या रविवारी भक्तीघराच्या दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात पडे. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन (आपल्याप्रमाणेच वडिलांच्या सभेने कारभार चालवणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांमध्ये १९१० सालापासून 'बुहफाई थाम' म्हणून हीच रीत चालत आली आहे आणि तिथल्या मंडळीच्या कामाचा फार मोठा भार त्या मूठभर तांदळाने उचलला आहे; आपल्याकडे आपल्या आज्यांनी ती कोणाकडून घेतली हे मला माहीत नाही, पण डबा भरत होता, हे मी पाहिले आहे.

जतकडचा एक म्हातारा मला नेहमी आठवतो. तो ताटातली निम्मी खिचडी स्टीलच्या डब्यात भरून मुलीसाठी वॉर्डात न्यायचा. तिचे पोटाचे ऑपरेशन झालेले होते. मी त्याला थांबवले, वॉर्डातल्या सिस्टरला विचारल्याशिवाय तिला काही भरवू नका म्हणून समजावले, आणि दुसऱ्या दिवसापासून सिस्टरच्या सांगण्यावरून तिच्यासाठी वेगळी, मिठाला बेताची पेज करू लागलो. त्यानंतर आमच्या बायकांनी भिंतीवर कन्नड आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागदच लावला : रुग्णाला देण्याआधी सिस्टरला विचारा. त्या खोलीत जेवणाइतकेच महत्त्वाचे दुसरे एक काम होत असे, ज्याचा सेशनच्या ठरावात उल्लेखही नाही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, हे खेड्यातून आलेल्या माणसाला माहीत नसते. रेशनकार्ड दाखवायचे कुठे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कसा मिळवायचा, रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे अर्ज कसा करायचा, हे आपल्या तरुण संघाची मुले जेवणानंतर तिथल्याच बाकावर बसून लोकांना लिहून देत होती. भाड्याने दिलेल्या सभागृहात हा बाक राहणार नाही.

आता सेशनने दिलेल्या कारणांकडे येते. भक्तीघराचे छप्पर गळते, हे खरे आहे. पावसाळ्यात उजवीकडच्या बाकांवर बसता येत नाही आणि दुरुस्ती झालीच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. त्यासाठी स्वतंत्र वर्गणी काढा, मी माझ्या ऐपतीप्रमाणे देईन, आणि आमचे महिला मंडळही देईल. पण प्रभुभोजनाच्या रविवारचे दानार्पण गरिबांसाठी राखून ठेवायचे, ही प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची जुनी रीत आहे, आणि आपल्या सुगीच्या उपकारस्तुतीनंतर ज्वारी, ऊस, नारळ, कोंबड्या यांचा जो लिलाव होतो त्याची रक्कमही माझ्या वडिलांच्या काळापासून त्याच निधीत जात आली आहे. लोकांनी ते पैसे गरिबांसाठी म्हणून दिले. लिलावात एखादा शेतकरी साधा एक नारळ दोनशे रुपयांना घेतो तेव्हा तो छपरासाठी बोली लावत नसतो. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी खर्च करणे हे कोणत्याही सार्वजनिक न्यासाचे पहिले कर्तव्य आहे. आपणही नोंदणीकृत न्यास आहोत आणि आपले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. तेव्हा ही शिल्लक दुसरीकडे वळवण्याआधी देणाऱ्यांना विचारायला हवे होते.

दुसरे कारण असे सांगितले गेले की, आता सरकारच स्वस्तात जेवण देते. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली आणि तिने गरजूंची मोठी सोय केली, यात शंका नाही. पण ती थाळी दुपारची आहे. आपले जेवण रात्रीचे होते, आणि ते रात्री असण्याचे कारणच हे होते की दिवसभर रांगेत उभे राहून, चाचण्यांचे कागद गोळा करून माणूस मोकळा होतो तोवर आसपासच्या स्वस्त खाणावळी बंद झालेल्या असतात.

तिसरे कारण मला सर्वांत जास्त दुखावून गेले. सध्याच्या वातावरणात बाहेरच्या, अन्य धर्माच्या लोकांना जेवू घातले तर आपल्यावर धर्मांतरासाठी आमिष दाखवल्याचा आरोप येईल, अशी भीती काही वडिलांनी व्यक्त केली. ही भीती उगीचची आहे असे मी म्हणणार नाही. मलाही ती वाटते. पण त्या खोलीत काय होत होते हे पाहिलेले शेकडो लोक या शहरात आहेत. तिथे आम्ही कधी पत्रक वाटले नाही, कोणाला प्रार्थनेला बसवले नाही, कोणाचे नाव विचारून जात-धर्म नोंदवला नाही. वाढायला आमच्याबरोबर शेजारच्या गल्लीतल्या मुस्लिम आणि मराठा बायका येत, गणपतीत त्यांच्या घरचे मोदक याच रांगेत वाटले जात, आणि रमजानमध्ये खजूर येत. विदेशी पैशाचाही प्रश्न नाही; या कामात परदेशातून आलेला एक रुपया कधी नव्हता. आरोपाची शंका असेल तर जेवणाची वेळ पोलीस ठाण्याला कळवा, खोलीच्या दाराशी हिशेब लावा, अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली आपली नोंदणी करून घ्या. उघडपणे केलेले काम हाच अशा आरोपाला दिलेला जबाब असतो. काम बंद केल्याने मात्र आरोप करणाऱ्याचे म्हणणे खरे ठरल्यासारखे होते.

आपण ज्यांचा वारसा सांगतो त्यांनी ही भीती बाळगली असती तर आपली मंडळी उभीच राहिली नसती. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हा त्यांना विरोध काही कमी झाला नव्हता. १८७० मध्ये ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे आले. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उघडले, ते सर्व जातिधर्मांच्या रुग्णांसाठी. शतकाच्या अखेरच्या प्लेगच्या आणि दुष्काळाच्या वर्षांत या मुलखातल्या मिशनच्या माणसांनी दारे लावून घेतली नाहीत. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वस्तीला आजही वॉनलेसवाडी म्हणतात, ती हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी जपलेली आठवण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे आणि पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा आपण जुन्या शाळेच्या त्याच खोलीत पूरग्रस्तांना ठेवले, आणि त्यांतले बहुतेक आपल्या मंडळीचे नव्हते. त्या वेळी सेशनमधल्या आपणच काही जणांनी कमरेइतक्या पाण्यातून दुधाच्या पिशव्या आणल्या होत्या. ती आठवण आपल्याला द्यावी लागते, याचे मला वाईट वाटते.

चौथी बाब वर्गणीची. ठरावातले हे कलम नवे आहे, पण त्यामागची वागणूक नवी नाही. वाडीवरची एक वृद्ध विधवा सभासद वारली तेव्हा दफनभूमीत जागेसाठीचे पत्र देण्याआधी तिची थकलेली वर्गणी भरा, असे तिच्या मुलाला सांगण्यात आले. तो रोजंदारीवर जाणारा माणूस. दुपार टळून गेली तरी शवपेटी अंगणातच होती. शेवटी शेजाऱ्यांनी, ज्यांच्यातला एकही ख्रिस्ती नव्हता, आपापसात पैसे गोळा केले आणि पावती फाडून झाल्यावर दफन झाले. त्या दुपारी मी तिथे होते. प्रार्थना चालू असताना तो मुलगा मान वर करून पाहत नव्हता. त्यानंतर तो भक्तीला आलेला नाही. वर्गणी ही मंडळीची शिस्त आहे, पाळकांचा पगार त्यातून होतो, आणि ती नियमित भरावी असे मी स्वतः महिला मंडळात नेहमी सांगत आले आहे. पण जो भरू शकत नाही त्यालाच मदतीची गरज असते. वर्गणी भरलेल्यांनाच मदत, हा नियम लावला तर गरीब निधीची व्याख्याच उलटी होते.

पाचवी बाब पद्धतीची आहे, आणि प्रेस्बिटेरियन म्हणवणाऱ्या मंडळीला ती टाळता येणार नाही. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार आली. प्रेषितांनी वाटप बंद केले नाही आणि तक्रार करणाऱ्यांना गप्पही केले नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावले, त्या कामासाठी सात माणसे मंडळीलाच निवडायला सांगितली आणि मग त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तिथूनच डीकनच्या सेवेची परंपरा सांगितली जाते. १५४१ साली जिनिव्हात धर्मसुधारक जॉन कॅल्विनने मंडळीची जी घडी बसवली, तीत पाळक, शिक्षक आणि वडील यांच्याबरोबर डीकन हे चौथे पद ठेवले, आणि डीकनांचेही दोन प्रकार केले : काहींनी गरिबांचा निधी सांभाळायचा आणि काहींनी प्रत्यक्ष आजाऱ्यांची व गरिबांची सेवा करायची. स्कॉटलंडमध्ये १८१९ पासून पाळक थॉमस चामर्स यांनी ग्लासगोच्या सेंट जॉन पॅरिशमध्ये (त्या चर्चच्या हद्दीत) गरीब वस्तीचे भाग पाडून प्रत्येक भागाला एक डीकन नेमला आणि घरोघरी जाऊन चौकशी करायला लावली. म्हणजे गरिबांची काळजी हे आपल्या व्यवस्थेत छपराचे किंवा रंगरंगोटीचे काम उरकल्यावर करायचे जादा काम कधीच नव्हते. तिच्यासाठी स्वतंत्र पद आहे, स्वतंत्र निधी आहे. आपल्याकडे मात्र गेली कित्येक वर्षे डीकनांची निवडणूकच झालेली नाही, आणि त्यांचे काम महिला मंडळ, बिननियुक्तीचे आणि बिनमताचे, करत आले आहे. ज्या ठरावाने आमचे स्वयंपाकघर बंद झाले, त्या बैठकीला आम्हा बायकांपैकी एकीलाही बोलावले गेले नाही. सेशनमध्ये आज एकही स्त्री नाही, म्हणून आमचे म्हणणे तिथे पोहोचायला दुसरा मार्गही नव्हता.

निधीचा गैरवापर झाल्याचा उल्लेख ठरावात ओझरता आहे. एका-दोघांनी मदतीचे पैसे दारूत घातले, असे तोंडी सांगितले जाते. तसे झाले असेल तर ते कोणत्या प्रसंगी झाले आणि कोणाच्या शिफारशीने मदत दिली गेली, हे मंडळीसमोर यावे. पैशाऐवजी थेट शाळेत फी भरणे, दुकानातून औषधे देणे, असे उपाय आहेत आणि आम्ही ते आधीच सुचवलेले आहेत.

या सगळ्यावरून माझ्या आणि या पत्राशी सहमत असलेल्या सभासदांच्या मागण्या अशा आहेत. ठराव तूर्त स्थगित करावा आणि मंडळीची खास सर्वसाधारण सभा बोलावून, सर्व सभासदांना आधी लेखी सूचना देऊन, त्यावर गुप्त मतदान घ्यावे. गरीब निधीची गेल्या पाच वर्षांची जमा, खर्च आणि आजची शिल्लक सूचना फलकावर लावावी. मदत घेणाऱ्यांची नावे मात्र त्यात नसावीत. हा निधी बांधकाम निधीपासून वेगळ्या बँक खात्यात राहावा. डीकनांची निवडणूक याच वर्षी व्हावी आणि तीत स्त्रियांना उभे राहता यावे. जुन्या शाळेची खोली भाड्याने द्यायचीच असेल, तर रात्रीच्या जेवणाची वेळ सोडून द्यावी. संध्याकाळी सहानंतर ती स्वयंपाकासाठी मोकळी असावी. आणि दफनाच्या वेळी कोणत्याही कुटुंबाकडे थकलेली वर्गणी मागू नये, असा स्वतंत्र ठराव सेशनने करावा. ही मागणी सभेची वाट न पाहता आजच मान्य करता येण्यासारखी आहे. वाडीवरच्या त्या कुटुंबाची सेशनने घरी जाऊन भेट घ्यावी, अशी माझी त्याबरोबरच वैयक्तिक विनंती आहे.

सेशनला या मागण्या मान्य नसतील तर तसे कारणांसह लेखी कळवावे, म्हणजे आम्हाला प्रेस्बिटेरीकडे (सेशनच्या वरच्या सभेकडे) रीतसर अपील करता येईल. तो मार्ग आपल्याच व्यवस्थेने सामान्य सभासदाला दिलेला आहे आणि तो वापरण्यात आपला अवमान नाही. तोपर्यंत जेवणाचे काम आम्ही थांबवलेले नाही. महिला मंडळातल्या तिघींच्या घरी आळीपाळीने खिचडी होते आणि तरुण संघाची मुले ती डब्यांतून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत नेतात. पण घरगुती शेगडीवर पूर्वीच्या निम्म्या लोकांचेही होत नाही आणि उरलेल्यांना परत पाठवावे लागते. पत्र्याचा तांदळाचा डबा सध्या चिटणीसांच्या कपाटामागे ठेवलेला आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आधी तो पुन्हा भक्तीघराच्या दाराशी ठेवण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद,
माजी चिटणीस, महिला मंडळ